रुद्राणीची कुंती

मैंदर्गी,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुंदरम्मास अण्णाचा आशीर्वाद. घरातल्या सगळ्यांना शरणार्थ.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून पत्र. तशी ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाहीच.

आपल्या लिंबांत रोग शिरलाय. पानं पिवळी पडतात, पण पिकून पडतात तशी नव्हेत. मधल्या शिरेच्या एका अंगाला एक डाग, दुसऱ्या अंगाला भलताच. एकाच पानाच्या दोन बाजू एकमेकींना ओळखत नाहीत. फळ धरतं ते बारकं, वाकडं, कडवट. ग्रीनिंग म्हणतात याला. झाड एकदा धरलं की सुटत नाही, आणि बरं करणारं औषध अजून कुणाकडं नाही. हा रोग या झाडावरून त्या झाडावर नेणारा किडा केवढा, तर तिळाएवढा. सायला त्याचं नाव. कोवळ्या पालवीवर डोकं खाली, पाठ वर करून बसतो, अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा. मी भिंग घेऊन दुपारभर बघत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला.

परवा बसवण्णाच्या देवळात ओढ्याकाठच्या सगळ्या लिंबूवाल्यांची बैठक झाली. शेतीखात्यातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी समजावलं, एकट्यानं फवारून उपयोग नाही. तुम्ही फवारलं की किडा शेजाऱ्याकडं जातो, शेजाऱ्यानं फवारलं की माघारी येतो. पालवी फुटली की सगळ्यांनी एकाच दिवशी पंप पाठीवर घ्यायचे. रोगट झाड मुळासकट काढायचं. आणि पांढऱ्या, घमघमत्या फुलांची कुंती, कढीपत्ता दारात, बांधावर कुठंही ठेवायचा नाही. ती लिंबाच्याच गोत्रातली झाडं, किडा तिथं सुखानं अंडी घालतो. त्यावर शिवलिंगप्पानं मागून विचारलं, मग बेल बी त्याच गोत्रातला की, त्याचं काय? बाईंनी एकदा नंदीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, बेल राहू द्या.

अध्यक्ष मला केलं. निम्म्यांना मीच बाराखडी शिकवलेली, त्यामुळं दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. शपथही मीच रचली आणि चालीवर म्हणून घेतली:

एके दिशी, एके वेळी
फवारू सारे पालवी कोवळी;
दारी न ठेवू कुंती, कढीपत्ता,
शेजाऱ्याच्या मळ्या न लावू बट्टा.

ज्याच्या हद्दीत किडा वाढलेला सापडेल, त्यानं त्या बांधालगतच्या लिंबाच्या दोन ओळी तोडायच्या, हेही ठरलं. साठी उलटलेली माणसं चौथीच्या वर्गासारखी डोलत शपथ म्हणत होती. मला जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत.

घरी आलो आणि विहिरीवर बसलो. समोर त्या तिघी. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लेक माहेरी आली की परत जाताना विहिरीच्या कडेला एक कुंती लावायची, म्हणजे घरात तिची जागा राहते, ही आपल्या घरची रीत. आत्याची, तुझी आणि माझ्या रुद्राणीची. रुद्राणी आजारात गेली; कुंती वाढत राहिली. आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय.

तुझी तोडण्याआधी तुला विचारणं भाग आहे, म्हणून विचारतो.

तुझा अण्णा,
गुरुशांत


बार्शी,
२० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास सुंदरम्माचे शरणु शरणार्थी.

पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा तुझ्या किड्याचं वर्णन वाचून हसू आलं आणि म्होरलं डोक्यात शिरलंच न्हाय. आमच्या मालकांनी तुझी शपथ आडतीवर हमालांना म्हणून दाखवली. म्हणाले, कढीपत्त्याला बट्टा जुळवणारा मास्तर मैंदर्गीतच निपजायचा.

माझी कुंती तोड. मला काय इचारतोस? मी पंचमीला येते ती तुला बघाया, झाडाला न्हाय. आत्या तर कवाच गेली, तिची बी तोड. पण तिसरीचं तू काय करणार, ते तुझ्या येवढ्या लांब पत्रात कुटंच न्हाय.

अण्णा, तुला मी वळकते. अव्वा गेली तवा तिची काठी तू माळ्यावर चढवलीस आणि समद्यांना सांगितलंस, मोडली. काठी अजून तितंच हाय, मी बघितलीया. त्या काठीनं कुणाचं काय बिघडलं न्हाय, म्हणून मी बी गप बसले. ह्ये तसं न्हवं. हितं दुसऱ्याच्या झाडाला लागंल.

तुझ्यानं व्हणार नसंल तर आत्ताच सांग आणि ती खुर्ची सोड. दुसऱ्याला शपथ घालून आपणच त्यात अडकू नगंस. कविता नको, व्हय का न्हाय तेवढंच लिव.

तुझी,
सुंदरम्मा


मैंदर्गी,
७ मार्च २०२५

चि. सौ. सुंदरम्मास आशीर्वाद.

तोडणी झाली. धुळाला त्या दिवशी बाजारात पाठवलं होतं. हे काम गड्यानं करण्यासारखं नव्हतं. कुऱ्हाड मीच धरली. आत्याची जुनी, आतून पोकळ निघाली. तुझ्या कुंतीचं लाकूड मात्र पिवळंधमक आणि इतकं चिवट की कुऱ्हाड फिरून फिरून माझ्याकडंच येई. तुझी म्हणून शोभली. अधिक लिहवत नाही.

पहिली फवारणी परवा झाली. सकाळी देवळातली घंटा वाजली आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी पंप एकदम सुरू झाले. मी बांधावर उभा होतो. तुला आठवतं का, आपल्या शाळेत पावसाळ्यात कौलांवरून पाणी गळायचं, तेव्हा चारही वर्ग एका खोलीत बसवायचे आणि गुरुजी सगळ्यांकडून एकच कविता म्हणून घ्यायचे? अर्थ कुणाला कळत नसे, पण आवाज असा भरून यायचा की गळकं छप्परही आपलं वाटे. तसंच वाटलं. शेजारचा तिप्पण्णा पंप पाठीवर घेऊन हसत होता. म्हणाला, मास्तर, पाढे म्हटल्यासारखं वाटतंय.

एक काम होतं. यंदा डास फार झालेत. तुझ्याकडं ती पलंगाची मोठी मच्छरदाणी आहे ना, वरून टांगायची? महेश्वर अक्कलकोटला येणार असला तर त्याच्याबरोबर पाठव. माझ्याकडं आहे ती जुनी झाली, छिद्रं मोठी झालीत.

तुझा,
अण्णा


बार्शी,
२४ मार्च २०२५

ती. अण्णास शरणार्थी.

मच्छरदाणी पोचली ते कळलं. सोबत शेंगाचटणी दिली हुती, ती महेश्वरनं वाटेत निम्मी खाल्ली.

तू तोडलीस. मला वाटलं न्हवतं. मागच्या पत्रात मी लई बोलले, त्ये मागं घेते. रुद्राणीचं नाव काढून लिवायचं तुझ्या जिवावर आलं असंल, ते कळलं मला. मी बी त्या दिवशी जेवले न्हाय.

पण एक सांग, तब्येत बरी हाय का? महेश्वर म्हणतो, मामांनी वसरीवरच चहा दिला, मळ्यात न्हेलं न्हाय. दरवेळी लिंबं तोडून पिशवी भरून देतोस, अवंदा पिशवी रिकामीच आली. आणि म्हणतो, तितं एक बी डास चावला न्हाय. थंडीताप भरत असंल आणि लपवत असशील तर तसं कळव. येकट्यानं ऱ्हाऊ नगंस. चार दिस हितं ये.

तुझी,
सुंदरम्मा


मैंदर्गी,
२ मे २०२५

चि. सौ. सुंदरम्मास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक आहे. तुझं पत्र उशाशी ठेवलं होतं, पण हातात घेतलं की लिहायचं राहून जायचं.

इकडं एक वाईट झालं. प्रत्येकाच्या बागेत पिवळ्या रंगाचे चिकट कागद टांगलेत. किड्याला पिवळ्या रंगाची ओढ. येतो आणि चिकटतो, पाय सोडवता येत नाही. किती चिकटले त्यावरून कुणाच्या बागेत किडा आहे ते कळतं. चार दिवसांपूर्वी बाईंनी सगळे कागद उतरवले. सगळीकडं चार-दोन. फक्त आमच्या सामाईक बांधालगत तिप्पण्णाचे कागद होते, ते काळे पडले होते.

देवळात बैठक भरली. तिप्पण्णा सांगत होता, एकही फवारणी चुकवली नाही, परसातला कढीपत्ता तर सगळ्यांच्या आधी तोडला. शिवलिंगप्पानं विचारलं, मग पंपात काय भरलं हुतंस रे, ओढ्याचं पाणी? लोक हसले. त्याची बायको चंद्रव्वा बायकांत बसली होती, ती पदर सावरून उठून गेली. तिप्पण्णानं सगळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि खाली बसला. दंडाचा निकाल अध्यक्षानं सांगायचा असतो. मी सांगितला. बांधालगतच्या दोन ओळी, आधी फवारून मग तोडायच्या. २६ तारखेचा सोमवार ठरला. झाडं भर फळावर आहेत.

त्या दिवसापासून मी मळ्यातून फारसा बाहेर पडत नाही. वाचन नाही, रेडिओ नाही. संध्याकाळी विहिरीच्या कडेला बसलो की वास असा दाटून येतो की डोळे आपोआप मिटतात, आणि एखादी विसरलेली कविता ओळीमागून ओळ वर येते. तेवढा वेळ बरा जातो. मग बांधापलीकडं तिप्पण्णाचा खोकला ऐकू येतो.

तुझा,
अण्णा


बार्शी,
९ मे २०२५

ती. अण्णास,

विहिरीवर कसला वास?

लिंबाचा बहार मेमधी नसतो, मी बी त्याच मळ्यात वाढलीया. आत्याची तोडली, माझी तोडली, ह्ये तू लिवलंस. तिसरीचं नाव न्हाय. मला वाटलं दुखतंय म्हणून लिवलं न्हाईस. मी येडी, मी माफी मागितली.

डास न्हाईत, आणि मच्छरदाणी मागितलीस. बारीक छिद्राची.

अण्णा, माझी मच्छरदाणी कुणाच्या अंगावर हाय?

सुंदरम्मा


मैंदर्गी,
१६ मे २०२५

सुंदरम्मा,

तिच्याच.

तुझी तोडून झाल्यावर मी तिसरीपाशी गेलो. कुऱ्हाड उचललीही होती. नेमकी तेव्हा ती कळ्यांवर होती. म्हटलं, फुलून जाऊ दे, मग तोडू. फुलं झडली तर पालवी आली. बाईंनीच देवळात सांगितलं होतं की रोपवाटिकेत लिंबाची रोपं बारीक जाळीच्या घरात वाढवतात, म्हणजे किडा आत येत नाही. मी विचार केला, मग कुंतीलाच जाळी घातली तर? किडा तिच्यापर्यंत पोचणार नाही, शपथही मोडणार नाही, आणि ती राहील. आधी माझी जुनी मच्छरदाणी घातली, मग तुझी. चार बांबू रोवले, कडा दगडांनी दाबल्या. पांढऱ्या जाळीत ती हिरवी उभी, आत फुलं. मला वाटलं, सुचलेल्या सगळ्या ओळींत ही चांगली.

फवारणी तिच्यावर केली नाही. जाळी आहे, मग कशाला, असं वाटलं. पाणी मात्र रोज घातलं. माझे चिकट कागद मी विहिरीपासून लांब टांगले होते.

तिप्पण्णाचे कागद काळे निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं आणि आडून विचारलं, समजा कुणी एखाद्या झाडाला मच्छरदाणी घातली तर? त्या हसल्या. म्हणाल्या, अंडी आधीच पालवीवर असतील तर तुम्ही किड्याला घर बांधून दिलंत. आणि रोपवाटिकेची जाळी याहून खूप बारीक असते. मच्छरदाणीतून सायला बाहेर निसटतो, पण त्याची पिल्लं खाणारे ढालकिडे अंगानं मोठे, ते आत जाऊ शकत नाहीत. पाणी देऊन पालवी कोवळी ठेवलीत तर विचारूच नका.

मी घरी येऊन जाळीला डोळा लावला. आतल्या प्रत्येक शेंड्यावर ते बसले होते, पाठ वर करून. एकही जागा रिकामी नव्हती.

हे मला पंधरा दिवस माहीत आहे. तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं.

आता मी कुठंही वळलो तरी तेच. देवळात सांगितलं तर ती आजच जाईल. आणि ज्या तोंडानं तिप्पण्णाला दंड सांगितला त्याच तोंडानं सांगावं लागेल. गुपचूप तोडावी तर तिप्पण्णावरचा डाग तसाच राहतो. काहीच केलं नाही तर २६ तारखेला सकाळी त्याच्या कुऱ्हाडीचा आवाज मला इथं बसून ऐकावा लागेल. रोज ठरवतो, बांधापर्यंत जातो, तो मान वर करून "मास्तर" म्हणतो, आणि मी उन्हाबद्दल काहीतरी बोलून परत येतो.

तू सांगशील ते करीन असं लिहिणार होतो. पण तू काय सांगशील ते मला माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही.

अण्णा


बार्शी,
२० मे २०२५

ती. अण्णास,

तुझं पत्र आलं तवा मी कुणाला दाखवलं न्हाय. मालकांनी इचारलं, काय लिवलंय? म्या म्हटलं, ऊन लई हाय.

महेश्वरला सांगून तुला फोन लावला. तू उचलला न्हाईस. आता ह्ये पत्र सोमवारच्या आत पोचलं तर बरं.

रुद्राणी तुझी लेक, तशी माझी बी भाची. मी तिचं जावळ धरलंय. ती लहान असताना खोलीचं दार लावलं की रडून घर डोक्यावर घ्यायची. तिलाच तू जाळी घातलीस. पण तुला सांगायचं कारण ते न्हवं. ते मनात आलं म्हणून लिवलं.

कारण तिप्पण्णा हाय. त्याची लिंबं जित्ती हाईत, फळावर हाईत, आणि त्याचं नाव बी जितं हाय. ज्या झाडानं त्याचं नाव जातंय, ते झाड आपल्या घरच्या लेकीचं असूच शकत न्हाय.

लाज वाटंल. वाटू दे. लाजेनं मेल्यालं माणूस मी अजून बघितलं न्हाय.

सुंदरम्मा


मैंदर्गी,
१० जून २०२५

चि. सौ. सुंदरम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. दोन दिवस सदऱ्याच्या खिशात होतं. सोमवारी उजाडता उजाडता मी निघालो, पण तिप्पण्णा माझ्याही आधी उठला होता. बांधावर गेलो तेव्हा एक ओळ आडवी झाली होती. हिरवी लिंबं मातीत पसरली होती आणि चंद्रव्वा ती बुट्टीत भरत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी सांगितलं. कविता केली नाही, आड काही घेतलं नाही. कुंती आहे, जाळीत आहे, किडा माझा आहे. तो कुऱ्हाडीवर हात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "देवळात मी गप बसलो, कारण म्होरं तुमी हुता, मास्तर. तुमी कुणाकडं बघून गप बसला?"

मी विहिरीकडं बोट केलं.

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, घरातून पंप आणला आणि माझ्या पुढं चालू लागला. जाळी काढायची नाही, नाहीतर सगळा किडा उडून जाईल, एवढंच सांगितलं. बाहेरून, कडांवरून, आत नळी घालून त्यानं फवारलं. तास-दीड तास आम्ही विहिरीच्या दोन टोकांना बसून होतो. किडा खाली पडला होता, तीळ सांडावेत तसा. मग त्यानं जाळी उचलली आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तू तोड. तो म्हणाला, न्हाय. माझे घाव तिरपे पडत होते, दम लागत होता, पण त्यानं हात लावला नाही आणि घाई केली नाही. मच्छरदाणी फांद्यांसकट तिथंच जाळली. तुझी होती, तुला विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी देवळात सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या बांधालगतच्या दोन ओळी मी तोडल्या, धुळा सोबत होता. तिप्पण्णाची दुसरी ओळ वाचली. पहिली गेली ती गेली.

मी अध्यक्षपद सोडतो म्हणालो. शिवलिंगप्पा म्हणाला, कशाला? आता कुणाच्या परसात काय लपवलंय ते तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला दिसणार न्हाय. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हापासून दर आठवड्याला मी घरोघर परसात जातो. बायका दार उघडतात, बाजूला होतात, आणि मी त्यांच्या तुळशीमागं, न्हाणीमागं बघतो. एका घरात कुंडीत कढीपत्ता होता, घरातल्या म्हातारीनं पदराआड धरला होता. मी हात पुढं केला. तिनं विचारलं, "मास्तर, तुमच्या हाताला कसं चालतं ह्ये?" मी कुंडी घेऊन बाहेर आलो.

कुंतीचं खोड निघालं नाही. मुळं विहिरीच्या दगडी बांधणीत शिरलीत. खणलं तर विहीरच ढासळेल. बाईंनी खोडाला लावायला औषध दिलं होतं, म्हणजे मूळ आतून मरतं. मी म्हटलं, ते नको, फुटवे येतील तसे मी खुडत जाईन. लोकांनी मानलं, पण अट घातली की दर सोमवारी तिप्पण्णानं येऊन बघायचं. तो येतो. चहा घेत नाही. विहिरीपर्यंत येत नाही, बांधावरच थांबतो, आणि मी खुडलेलं हात वर करून दाखवलं की जातो. हे मीच मागून घेतलं, तेव्हा तक्रार कुणाकडं करू?

तू पंचमीला ये. तुझी जागा आहे. झाड नसलं तरी आहे.

काल सोमवार होता. सकाळी खोडाच्या उगवतीच्या बाजूनं पालवी फुटली होती, पोपटी, ओली असल्यासारखी चमकणारी. मी वाकून बराच वेळ पाहिली. पाठीमागं बांधावर तिप्पण्णा येऊन उभा राहिला होता. मी खुडली.

तुझा,
अण्णा